दोन मशिनींची बेरीज

ही गोष्ट कुणाला पटायची नाही. ऐन उन्हाळ्यात मोर्णेला पूर आला म्हणून सांगा, अर्धं अकोला कामधंदा टाकून पुलावर जाऊन उभं राहील. कौंडण्यपूरच्या जत्रेत कुणाची म्हैस देवापुढं नारळ फोडून आली म्हणा, लोक एवढंच विचारतील की नारळ नासका तर निघाला नाही. पण चाळिशीला टेकलेल्या, दोन लेकरांच्या बापाला, सोसायटीच्या हेडक्लार्कला, एका लोखंडी पेटीतून निघालेल्या ‘टिंग’ एवढ्याशा आवाजानं उभ्याचं खाली बसवलं, असं म्हटलं की ऐकणारा सुपारी कातरायचं थांबतो आणि सांगणाऱ्याच्या तोंडाचा वास घेतो. तरी ते तसंच झालं. अमरावतीला, अंबादेवीकडे जाणाऱ्या रस्त्यावर टाइपरायटरचं एक दुकान होतं. फाल्गुनातल्या दुपारी त्या दुकानात हेमचंद्र उभा राहून आकडे सांगत होता, बाई पेटीवरची बटणं दाबत होत्या, आकडे संपले, बाईंनी बाजूचा दांडा ओढला, टिंग झालं, आणि उसवलेल्या पोत्यातून सरकी गळावी तसं त्याच्या गुडघ्यांतलं बळ गळून गेलं. मागं खुर्ची होती म्हणून अब्रू वाचली.

“पाणी देऊ का?” बाईंनी विचारलं. त्यांचं नाव चारुशीला. दुकानात मशिनी चालवून दाखवण्याचं काम त्यांच्याकडे होतं. तिशी उलटलेली बाई, जाड चष्मा, आणि बोलताना समोरच्याकडे न पाहता त्याच्या हातांकडे पाहायची सवय.

“नको,” हेमचंद्र म्हणाला. “ऊन लागलं असेल.”

ऊन लागलं नव्हतं. तो कशाची तरी वाट पाहत होता आणि ते आलं नव्हतं, एवढंच. आकडे संपले की थोडी शांतता, मग घशातल्या घशात एक हुंकार, आणि मग ‘टाक’ हा शब्द, असा क्रम त्याच्या कानांत इतकी वर्षं बसला होता की शांततेच्या जागी टिंग आल्यावर अंधारात जिन्याची एक पायरी जास्त धरून पाऊल टाकावं तसं त्याचं झालं. ‘टाक’ हा शब्द देवमनचा. देवमन म्हणजे सोसायटीतला बेरजेचा कारकून. मोर्णाकाठच्या, कापसातली सरकी काढून गाठी बांधणाऱ्या सहकारी जिनिंग-प्रेसिंगला लोक नुसतं सोसायटी म्हणत, आणि ती सोसायटी व्हायच्या आधी, खाजगी मालकाची जिन होती तेव्हापासून देवमन तिथं होता. दरवर्षी मार्च सरता सरता ज्या ज्या दुकानदाराकडून माल घेतला त्याच्या त्याच्या नावाचं करपत्रक करावं लागे. गाठी बांधायच्या लोखंडी पट्ट्यांचा व्यापारी वेगळा, बारदानाचा वेगळा, मशीनच्या तेलाचा, रोलरच्या चामड्याचा, सुतळीचा वेगळा. कुणाकडून वर्षभरात किती माल आला आणि त्यावर किती विक्रीकर बसला, एक प्रत त्याला, एक कचेरीला. हे काम पुकाऱ्यानं चाले. हेमचंद्र पुकारायचा, देवमन भिंतीला पाठ लावून, डोळे मिटून, अंगठा बोटांच्या पेरांवरून चालवत ऐकायचा, आणि शेवटी म्हणायचा, टाक, आणि बेरीज सांगायचा. टाक म्हटलं की दौतीतून निघालेला टाक कागदावर टेकायचा. त्याच्या आधी टेकायचा नाही. जिनेचा घरघराट बाहेर चालू असला, हवेत रुईचे तंतू तरंगत असले, टेबलावर, भुवयांवर, देवमनच्या मिशांवर बसत असले, तरी त्या एका शब्दापुरतं सगळं थांबल्यासारखं वाटायचं.

“ही बघा,” चारुशीलाबाई कागदाची निमुळती पट्टी फाडून म्हणाल्या. “तुम्ही सांगितलेला एकेक आकडा, खाली बेरीज. चूक शोधायची तर शोधा. आता दुसरी दाखवते.”

दुसरी मशीन बुटकी, पिंपासारखी गोल, अंगावर बारीक खाचा आणि त्यांत सरकणारे काटे. हिला कागद नव्हता. काटे लावायचे, मूठ फिरवायची, आत काहीतरी चरकात ऊस सापडल्यासारखं करकरायचं, आणि खिडक्यांत आकडे उभे राहायचे. बाईंनी तेच आकडे घेतले. त्यांना ते पाठ झाले होते. हेमचंद्र त्यांच्या मनगटाकडे बघत राहिला. खिडक्यांत उत्तर आलं. तेच.

“पहिली लिहून देते, ही गुणून देते,” बाई म्हणाल्या. “कर काढायचा तर गुणाकार लागतो. कचेरीला पुरावा दाखवायचा तर कागद लागतो. तुमच्या सोसायटीला काय जास्त लागतं ते तुम्ही सांगा.”

सांगायचं होतं त्यालाच. त्यासाठीच तर वामनरावांनी, म्हणजे सोसायटीच्या अध्यक्षांनी, त्याला पाठवलं होतं. सकाळी डबा बांधताना विमल, त्याची बायको, हसत सुटली होती. “तुम्हाले छत्री घ्यायची होती तर तीन दुकानं फिरून शेवटी भिजत घरी आले होते. अन् सोसायटी तुम्हाले मशीन निवडायला पाठवून राहिली.” ते खरं होतं. त्या दिवशी एका छत्रीची मूठ चांगली होती आणि दुसरीचं कापड. आणि एक घेतली की दुसरी दुकानात एकटी राहील असं काहीतरी खुळ्यासारखं त्याला वाटलं होतं. हे त्यानं विमलला सांगितलं नव्हतं. पण आज निवडायचं होतं ते छत्रीसारखं नव्हतंच. दोन मशिनींपैकी कोणतीही घ्या, येणार ती देवमनच्या जागेवर येणार होती. बैठकीत तसं ठरलं होतं, आणि ठरावाचा मजकूर हेमचंद्रानंच आपल्या वळणदार अक्षरात उतरवला होता: ‘मशीन येताच श्री. देवमन यांस पाडव्यापासून मोकळे करावे.’ मोकळे. लिहिताना त्या शब्दावर त्याचा टाक अडला होता. बैल मोकळा करतात, केस मोकळे सोडतात. वामनराव म्हणाले होते, “लिहा ना हेमचंदरभाऊ, काहून थांबले?” आणि त्यानं लिहिलं होतं. देवमन तेव्हा शेजारच्या खोलीत होता. दार उघडं होतं. त्यानं ऐकलं की नाही हे हेमचंद्राला आजवर कळलं नव्हतं, आणि कळून घ्यायची हिंमतही झाली नव्हती.

“तुमच्याकडं कापूस उडतो ना?” बाईंनी आपणहून विचारलं. “आवरण मिळतं वरून घालायला.”

“आत गेला तर?”

“नाही जात.”

“समजा गेला.”

“ब्रशनं काढायचा.”

“अन् मशीन चुकली तर कोणाला कळणार?”

बाईंनी पहिल्यांदा त्याच्या तोंडाकडे पाहिलं. “चुकत नाही हो ती.”

“कधीच?”

“तुम्ही चुकीचं बटण दाबाल, तेवढी चूक होईल. ती तुमची.” मग चष्मा पुसत म्हणाल्या, “लोक येतात ते विचारतात, बरोबर सांगते का. तुम्ही मघापासून चुकते का विचारताय. चुकणारी हवी होती का तुम्हाला?”

हेमचंद्र हसला. हसण्यासारखं काही नव्हतं. ‘हो बाई, असली तर दाखवा, गिऱ्हाईक पक्कं समजा’, असं त्याच्या ओठांपर्यंत आलं होतं. त्याऐवजी त्यानं मशीनचं वजन विचारलं, तेल कोणतं लागतं विचारलं, दोन बटणं एकदम दाबली तर काय होतं विचारलं, उंदीर वायर खातात का विचारलं. बाई म्हणाल्या हिला वायर नाही. तो म्हणाला, बरं. मग त्यानं स्वतः पेटीवर बोटं ठेवली. बटणं गार होती आणि मधोमध किंचित खोलगट, बोटाचं टोक बसेल एवढी. त्यानं मुद्दाम बारीकसारीक नव्या पैशांचे आकडे घेतले. सात, नऊ, सात, नऊ. सोळाच्या पुढं जातात ते आकडे. मशीन सोळापाशी अडखळेल असं त्याला का वाटावं? पण वाटलं. सोळा झाले, आणि ती सोळाच राहिली. पुढं तेवीस, बत्तीस, एकोणचाळीस. रुपयाला पोचायची तिला मुळीच घाई नव्हती.

घाई देवमनला होती. देवमनला म्हणण्यापेक्षा त्याच्या हाताला. अंगठा सोडून चार बोटं, आणि प्रत्येक बोटाला टोकासकट मोजायच्या चार जागा, चारचोक सोळा. सोळा आणे झाले की हात भरला, एक रुपया, मूठ मिटायची आणि पुन्हा करंगळीच्या बुडापासून सुरुवात. आख्खा हात म्हणजे एक रुपया. असा हिशेब देवाघरूनच हाताला लावून आला, असं देवमन म्हणायचा, आणि एकोणिसाव्या वर्षी कामावर लागलेल्या हेमचंद्राला ते शंभर टक्के खरं वाटायचं. तेव्हा तो जुन्या शहरात एका खोलीत राहायचा, मोर्णेच्या पलीकडे, गल्लीत दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला ओट्यावर चढावं लागे अशा ठिकाणी. पहिल्या महिन्यात त्याला ताप भरला. तीन दिवस तो कामावर गेला नाही तेव्हा देवमन विचारत विचारत आला, दारात उभा राहून म्हणाला, “काहून रे, मेला का?” आणि त्याला पाठुंगळी मारून आपल्या घरी घेऊन गेला. हो, पाठुंगळी. भर बाजारातून. पार्वताबाईनं, देवमनच्या बायकोनं, त्याला ज्वारीच्या कण्या शिजवून घातल्या. तापात त्याला ऐकू यायचं की ओसरीवर कुणीतरी आकडे गुणगुणतंय, पावकी, निमकी, दीडकी, एकसुरी, आणि त्या आवाजाला धरून तो झोपेत उतरायचा. पुढं संध्याकाळी नदीच्या वाळूत बसून देवमननं त्याला बेरीज शिकवली, वरून खाली नाही जायचं, आकड्यांच्या जोड्या लावायच्या, “जसे कोनाचं लगन कोनासंग जमते ते पाह्याचं असते तसं.” हेमचंद्राचं स्वतःचं लग्नही देवमननंच जमवलं होतं. विमल पार्वताबाईच्या ओळखीतली.

मग नवे पैसे आले. रुपयाचे शंभर. बाजारात लोक कुरकुरले, भाजीवाल्यांनी दोन्हीकडून लुबाडलं, आणि वर्षभरात सगळ्यांची जीभ वळली. देवमनची जीभ वळली, हात वळला नाही. शंभराला हात पुरेना. त्यात डोळ्यांत मोतीबिंदू उतरलेला. कागद दिसायचा तो धुराआडून. सकाळी ताजा असला की तो स्वतःला धरून ठेवायचा, पण चारच्या चहानंतर अंगठा आपल्या जुन्या वाटेनं निघायचा, सोळाला मूठ मिटायची, आणि नसलेला एक रुपया कुठूनतरी येऊन बेरजेत बसायचा. गेल्या वर्षी तेलवाल्याच्या पुकाऱ्याला पहिल्यांदा हेमचंद्राच्या ते लक्षात आलं. देवमन म्हणाला, टाक, आणि टाक टेकला नाही. त्यानं मनात पुन्हा जोड्या लावल्या. पुन्हा लावल्या. समोर देवमन डोळे मिटून वाट पाहत होता, तोंडावर ते काम उरकल्याचं समाधान. “टाकलं?” देवमननं विचारलं. “टाकलं,” हेमचंद्र म्हणाला, आणि भलताच आकडा लिहिला, म्हणजे बरोबर आकडा. त्या दिवसापासून तो एका कानानं देवमनची बेरीज ऐकायचा आणि मनात आपली चालवायचा. दोन गाड्या एका रुळावर. सगळ्या चुका काही त्याला पकडता आल्या नाहीत. करपत्रकं कचेरीतून लाल शाईच्या रेघा घेऊन परत आली. बैठकीत मोतीराम, संचालकांपैकी तोंडानं सगळ्यांत मोकळा, म्हणाला, “ह्या देवमनले आता आराम द्या. मशीन घ्या एखांदी. मशीनले मोतीबिंदू नाही होत.” सगळे हसले. हसण्यात वाईट काही नव्हतं. वाईट हे की मोतीराम खरं बोलला होता.

“मग?” चारुशीलाबाई म्हणाल्या. “कोणती बांधू?”

“विचारून कळवतो.”

“विचारून? मला वाटलं तुम्हीच ठरवणार.”

“मीच ठरवणार,” हेमचंद्र म्हणाला, “पण विचारून.”

बाईंनी दोन्ही मशिनींवर आवरणं घातली. कागदाची ती पट्टी त्याच्या हातात दिली. तो रस्त्यावर आला. ऊन असं होतं की अंबादेवीच्या कळसाकडे पाहिलं तर डोळ्यांत हिरवे ठिपके नाचत. बोटांच्या टोकांना अजून बटणांचा गारवा होता. आपण उत्तर शोधायला आलो नव्हतो, हे त्याला पायाखालच्या धुळीइतकं स्पष्ट दिसत होतं. आपण एक खोट शोधायला आलो होतो, एकीत नाहीतर दुसरीत, आणि दोन्ही मशिनी बिनखोट निघाल्या. माणसाला भांडता येईल असं त्यांच्यात काही नव्हतं. कुणी दुष्ट असता, दुकानदार लबाड असता, बाई उर्मट असत्या, तर रागाला एक खुंटी मिळाली असती. राग टांगायला खुंटीच नाही म्हणून तो तसाच हातात धरून तो स्टेशनाकडे चालत राहिला. वाटेत त्यानं पट्टीचे तुकडे केले आणि नालीत टाकले. टाकल्यावर वाटलं, हे आपण कशाला केलं? आणि मग वाटलं, झालं ते बरं झालं.

बडनेऱ्याला गाडी बदलली. डब्यात समोर एक फेटेवाला गृहस्थ बसला होता, मूर्तिजापूरला उतरणारा, पायाशी दुधी भोपळ्यांचं गाठोडं. त्यानं विचारलं, कुठून आले? हेमचंद्रानं सांगितलं, अमरावतीहून, मशीन पाहायला गेलो होतो, बेरजेची. “बेरजेची मशीन?” फेटेवाला म्हणाला. “म्हणजे आपुन आकडे सांगाचे अन् ते बेरीज करते? बिनचूक?” हेमचंद्र म्हणाला, हो. फेटेवाल्यानं त्याच्याकडे अशा नजरेनं पाहिलं की हेमचंद्र शरमला. “गाडीत बसलो म्हनून काई बी सांगता का राजेहो?” तो म्हणाला, आणि खिडकीबाहेर पाहू लागला. बाहेर काळ्या जमिनी कापूस देऊन रित्या पडल्या होत्या. पऱ्हाट्या उपटून ढीग लावलेले. मग हेमचंद्राच्या तोंडून, त्यानं काहीही न ठरवता, निघून गेलं: “दोन मशिनी होत्या. एकच हिशेब दोघींना घातला. दोघींनी दोन उत्तरं दिली.”

फेटेवाला वळला. तोंडावरचा संशय पार पुसला गेला होता. “मंग तसं म्हना ना,” तो म्हणाला. “हे पटते. आमच्या साळ्याच्या घरी दोन घड्याळी हायेत, तिथंबी असंच.” आणि मूर्तिजापूर येईपर्यंत त्यानं साळ्याच्या घड्याळांचं पुराण सांगितलं, उतरताना एक भोपळाही देऊ केला. पुढच्या वाटेत हेमचंद्र एकटाच होता. खरं सांगितलं तेव्हा आपण खोटे ठरलो, आणि खोट्याला भोपळा मिळत होता. हे किती सोपं होतं. गाडीच्या चाकांना एक ठेका होता आणि त्या ठेक्यावर खोट्याला आपोआप हातपाय फुटत होते. त्याला थांबवायला त्यानं डोळे मिटले तर आतल्या अंधारात देवमनचा अंगठा पेरांवरून चालताना दिसला. त्यानं डोळे उघडले.

सोसायटीत पोचला तेव्हा जिनेचा घरघराट नुकताच बंद झाला होता. कानांना सवय नसलेली ती शांतता आणि तिच्यात खाली खाली येणारी रुई. ऑफिसात वामनराव होते, मोतीराम होता, आणखी दोघे संचालक पाय वर घेऊन बसले होते. सगळे त्याच्यासाठीच थांबलेले. भिंतीपाशी, बारदानाच्या घडीवर, देवमन. अंधार पडला की त्याला पूल ओलांडता येत नसे, म्हणून रोज संध्याकाळी हेमचंद्र त्याला हात धरून पलीकडे नेऊन सोडायचा. आजही तो त्याचसाठी बसला होता. त्याला बाहेर जा म्हणावं असं कुणाला सुचलं नाही, की जिवावर आलं.

“या,” वामनराव म्हणाले. “कोन्ती घ्याची?”

हेमचंद्रानं टोपी काढली, घाम पुसला. खुर्ची होती, पण तो बसला नाही. “अध्यक्षसाहेब,” तो म्हणाला, “सांगतो, पण तुम्हाला खोटं वाटेल.”

“तुमी सांगा तं.”

“दोन मशिनी. दोन्ही नव्याकोऱ्या. एकच हिशेब, आपल्या तेलवाल्याचाच, मी स्वतः पुकारला. पहिलीनं एक बेरीज दिली, दुसरीनं वेगळी.”

“असं कसं होईन?” मोतीराम म्हणाला.

“मीही तेच म्हटलं. बाईला म्हटलं, पुन्हा करा. पुन्हा केली. पहिलीनं दुसरीचं उत्तर दिलं, आणि दुसरीनं तिसरंच.”

खोलीत कुणीतरी खुदकन हसलं. हेमचंद्राला आपला आवाज ऐकू येत होता. सैल, रंगलेला, जत्रेत पुंगी विकणाऱ्याचा. हा आवाज आपल्यात कुठं होता? तो बोलत राहिला, कारण थांबलं तर त्या भिंतीकडे पाहावं लागलं असतं. बाईनं मशीनच्या पाठीत दोन धपाटे घातले, पोराला ठसका लागल्यावर घालतात तसे, तेव्हा कुठं तिनं आकडा ओकला. उन्हाळ्यात म्हणे मशीनला झळ लागते आणि तिचे नऊ वितळून शून्य होतात. मे महिन्यात तिला ओल्या फडक्यात गुंडाळून माठाशेजारी ठेवावं लागतं. यवतमाळकडच्या एका जिनवाल्यानं हौसेनं घेतली. तिच्यात रुई गेली. मालक जेवायला घरी गेला, तर मागं ही आपली आपणच बेरीज करत बसली, कुणी न सांगता, कागद ओकत ओकत. मालक पान खाऊन येतो तर कागद टेबलावरून खाली, उंबऱ्यावरून बाहेर, आणि रस्त्यावर एक बकरी तो कागद खात उभी.

“बकरीले काई झालं तं नाही?” वामनरावांनी विचारलं.

“तेव्हापासून दूध मापात देते म्हणतात.”

आता सगळेच हसत होते. मोतीराम मांडीवर थाप मारून म्हणाला, “लेकाचे, लोखंडात जीव घालाले गेले अन् येडं जन्माले आलं.” वामनरावांनी उपरण्यानं डोळे टिपले. त्यांचा तसा देवमनवर राग नव्हताच. आपल्या हातून हे काम होऊ नये असं त्यांनाही वाटत असावं, आणि कुणीतरी दार लोटून दिल्यासारखे ते मोकळे झालेले दिसले. “मंग राहू द्या बावा,” ते म्हणाले. “एका वर्षानं काई बिघडत नाही. आपला देवमनच बरा. कमीत कमी बकरीच्या पाठीमागं तं पळा लागनार नाही.”

झालं होतं. हेमचंद्राच्या छातीत काहीतरी इतकं हलकं झालं होतं की त्याला भीती वाटली. यंदाच्या पुकाऱ्यालाही तो दोन गाड्या चालवेल. पुढच्या वर्षीही. त्यापुढचं त्याला दिसत नव्हतं आणि पाहायचं नव्हतं. सगळी बेरीज तो मनात करील, देवमन टाक म्हणेल, आणि तो टाकेल. कुणाचं काय जातं? त्यानं टोपी डोक्यावर घातली आणि पहिल्यांदा भिंतीकडे वळला, “चला देवमनदादा, अंधार पडला,” असं म्हणायला.

देवमन हसत नव्हता. दोन्ही हात मांडीवर उताणे ठेवून तो बसला होता, बोटं पसरलेली, अंगठा कुठल्याच पेरावर नव्हता. त्यानं मान वर केली आणि आवाज जिथून आला तिकडे, धुराआडून पाहावं तसं, पाहिलं.

“कोनत्या दुकानात गेल्ता तू?” त्यानं विचारलं.

“अंबादेवीच्या रस्त्यावर. टाइपरायटरवाल्याच्या.”

“चष्म्यावाली बाई हाय तिथं?”

हेमचंद्र त्याचा हात धरायला वाकला. “आहे,” तो म्हणाला. “दादा, चला ना, उशीर होऊन राहिला.”

“बस. मालक, माहं एक ऐका.” देवमन सगळ्या अध्यक्षांना मालकच म्हणायचा. भिंतीला हात लावत तो उठला. “डोळे दाखवाले जातो म्हनून मी अमरावतीले गेल्तो, पार्वतासंग. दोन बखत गेलो. डाक्टरकडं नाही गेलो. बाईनं माही बोटं धरून बटनावर ठेवली. त्या खोलगट बटनावर दिसाची गरज नाही लागत. मी पुकारत गेलो, दाबत गेलो, अन् उत्तर येईन ते पार्वता पाटीवर लिवत गेली. दोन्ही मशिनीवर केलं. पह्यल्या बखतीले वाटलं, मशीन चुकली. म्हनून दुसऱ्यांदा गेलो.”

“दादा,” हेमचंद्र म्हणाला.

“पोरगा खोटं बोलून राहिला, मालक,” देवमन म्हणाला. “दोन्ही मशिनी एकच उत्तर देतात. येगळं उत्तर माहं येते.”